यवन, ग्रीक, हेलेनीस, युनानी: कोणता शब्द कुठे?

विचारणा:
किशोरवाचकांसाठी प्राचीन ग्रीकांवर एक प्रकरण लिहितो आहे. संपादक म्हणतात, 'ग्रीक' हा इंग्रजीतून आलेला शब्द आहे, त्याजागी आपला जुना 'यवन' घाला. मला ते खटकतं, पण कारण नीट मांडता येत नाही. आणि ते लोक स्वतःला काय म्हणवत असत?

प्रतिसाद:
ते स्वतःला 'हेलेनीस' म्हणवत आणि आपल्या भूमीला 'हेलास'. हे नावही सुरुवातीपासून सगळ्यांचं नव्हतं. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात ट्रॉयवर चालून गेलेल्यांना अखीयन, दनान, आर्गिव्ह म्हटलंय. 'हेलास' हा तिथे अकिलीसच्या राज्यातला थेसलीकडचा मुलूख. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने इ. स. पू. ५व्या शतकातच हे हेरलं होतं.

हेलास म्हणजे एक राज्य असं मुलांना वाटू देऊ नका. अथेन्स, स्पार्टा, कोरिंथ, थीब्स अशी शेकडो स्वतंत्र नगरराज्यं होती, आणि ती सिसिलीतल्या सिराक्यूजपासून काळ्या समुद्राच्या काठापर्यंत पसरली होती. मग त्यांना एक काय ठेवत होतं? हिरोडोटसच्या इतिहासात अथेन्सचे लोक स्पार्टाच्या दूतांना ते सांगतात: आपलं रक्त एक, भाषा एक, देवस्थानं आणि यज्ञ समान, रीतीभाती सारख्या. माझ्या मते 'हेलेनीस' या शब्दाची याहून चांगली व्याख्या नाही. प्रकरणात ती जरूर घ्या.

'ग्रीक' हे नाव रोमनांच्या 'ग्रेकी'वरून युरोपभर गेलं आणि इंग्रजीमार्गे आपल्याकडे आलं.

प्रतिसाद:
'यवन'बद्दल थोडं. आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, आयोनिया नावाचा ग्रीक प्रदेश होता. मिलेटस, इफेसस ही तिथली नामांकित शहरं. इराणच्या हखामनी सम्राटांचा ग्रीकांशी संबंध आला तो आधी या आयोनियनांशी. त्यामुळे सम्राट दारयवहूच्या (इंग्रजीत डरायस) इराणातल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात 'यौन' येतं. तोच शब्द पूर्वेकडे सरकत प्राकृतात 'योन' आणि संस्कृतात 'यवन' झाला. अशोकाच्या लेखांत अंतियोक हा पश्चिमेकडचा ग्रीक राजा 'योनराजा' आहे. पाणिनीलाही 'यवन' ठाऊक आहे, आणि 'यवनानी' म्हणजे यवनांची लिपी, हे त्याच्या सूत्रांवर लिहिणाऱ्या कात्यायनाने सांगितलंय.

म्हणजे 'यवन' ग्रीकांनी स्वतःला दिलेल्या एका नावातूनच निघाला, पण ते नाव एका शाखेचं. स्पार्टाचे लोक डोरियन, म्हणजे ग्रीकांच्या वेगळ्या शाखेचे. त्यांना आयोनियन म्हटलेलं मुळीच चाललं नसतं!

प्रतिसाद:
खरी अडचण आजच्या मराठीतली आहे. मध्ययुगापासून मराठीत 'यवन' मुसलमानांसाठी वापरला गेला. बखरींत आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत तो त्याच अर्थाने भेटतो. "यवनांनी मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी फौजेला हरवलं" हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाने वाचलं, तर त्याच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र येईल. शब्द कितीही जुना असो, वाचकाला चुकवणार असेल तर तिथे तो वापरू नये. 'ग्रीक' मराठीत पुरता रुळलेला आहे.

गंमत म्हणजे आयोनियाचंच नाव मराठीत दुसऱ्यांदाही आलं. अरबी-फारसीतला 'युनान' तोच. 'युनानी औषध' म्हणतो ते यावरून, कारण त्या वैद्यकाचा पाया हिप्पोक्रेटिस आणि गेलन या प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत आहे.

विचारणा:
म्हणजे 'यवन' अजिबात नको? कार्ल्याच्या लेण्यात यवनांची नावं आहेत ना?

प्रतिसाद:
आहेत, आणि तिथे 'यवन'च हवा. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कित्येक खांब धेनुकाकट या गावच्या यवनांनी दान दिलेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. नाशिकच्या लेण्यात दातामिती या गावचा, उत्तरेकडचा योनक (म्हणजे यवन) इंद्राग्निदत्त आहे. बापाचं नाव धंमदेव. यातली बरीच नावं भारतीय वळणाची आहेत, त्यामुळे त्या सगळ्यांना सरसकट 'ग्रीक' म्हणणं घाईचं होईल. लेखात जो शब्द कोरलाय तोच ठेवावा. नाशिकच्याच लेखात गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन आणि पल्हवांचा (म्हणजे पार्थियनांचा) निःपात करणारा म्हटलंय, तिथेही तसंच.

प्रतिसाद:
'यवनिका' या पडद्याच्या संस्कृत नावावरून कुणी नाटकाचा पडदा ग्रीकांकडून आला असं लिहिलं तर ते मात्र घेऊ नका. ग्रीक रंगमंचाला असा पडदा नव्हता. 'जवनिका' असंही रूप मिळतं आणि त्याचा 'जव', म्हणजे वेग, याच्याशी संबंध जोडतात.

त्यापेक्षा मुलांना 'मिलिंद' सांगा. इ. स. पू. २ऱ्या शतकातला मेनांद्रोस हा ग्रीक राजा. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनद्रस', म्हणजे 'त्राता महाराज मेनांद्रोसचे'. पाली 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा मिलिंद राजा तो हाच. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, डॉ. आंबेडकरांनी काढलेलं मिलिंद महाविद्यालय आहे, आणि त्याच्या परिसराचं नाव नागसेनवन. संस्कृतात 'मिलिंद' म्हणजे भुंगा असाही अर्थ आहे, तेव्हा हे नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो राजाच असेल असं नाही. पण वर्गात एखादा मिलिंद असेलच.