किराण्यातली कॉफी चांगली का हलकी, कसं ओळखायचं?

दारव्हेकर: बसस्टँडवर चहाची टपरी हाय. थंडीत कॉफीचं गिऱ्हाईक वाढते. एकच कंपनी, पण कधी कडू लागते, कधी जळक्या गुळासारखी. बरणीत गोळेही होतात. माल घेताना पारखायचं कसं?

मेळघाटी: भाऊ, आधी पाकिटाची मागची बाजू वाचा. चिकोरी असेल तर तिचं प्रमाण छापावंच लागते, आणि मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के पाहिजे. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. रंग गडद येतो, जळका गोडवा तिचाच, पण कॅफिन शून्य. म्हणून रंगावर जाऊ नका. भावही कॉफीच्या वजनावर काढा: 60 टक्केवाल्या 50 ग्रॅममध्ये कॉफी 30 ग्रॅमच.

चव घेताना दूध-साखर नको. 2 ग्रॅम इन्स्टंट पावडर, 150 मिली पाणी, उकळी बसल्यावर मिनिटभराने ओतायचं. अर्धी गरम प्या, उरलेली कोमट होऊ द्या. खरा निकाल कोमट घोटात लागतो. गरमपणात दोष झाकले जातात. गोणपाटाचा किंवा जळक्या रबराचा वास आला तर माल हलका. दोन पाकिटं शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळते.

खारंपाणी: बोअरचं पाणी वापरत असाल तर पावडरीला दोष देण्याआधी कॅनच्या पाण्यात तीच कॉफी करून बघा. खाऱ्या पाण्यातला क्षार कॉफीचा आंबटपणा मारतो, मग चांगला मालही मचूळ लागतो.

वणीवाला: गोळे ओलीमुळे. उकळत्या पातेल्यावर बरणी धरून चमचा काढला की वाफ आत जाते. चिकोरीवाली पावडर ओल लवकर ओढते. बरणी भट्टीपासून लांब, चमचा कोरडा, पाकीट लहान घ्या. आणि इन्स्टंट दुधात उकळू नका. ती म्हणजे कॉफीचा आधीच काढून वाळवलेला अर्क, उकळून नुसता वास उडतो. दूध उतरवल्यावर घाला.

दारव्हेकर: थंड पाण्यावर टाकून चिकोरी ओळखतात म्हणे?

मेळघाटी: ते दळलेल्या फिल्टर कॉफीसाठी. ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर भुरभुरवा, हलवू नका. कॉफी तरंगते, चिकोरी तपकिरी रेघ सोडत तळाशी जाते. इन्स्टंट सगळीच विरघळते, तिथं छापील आकडाच पाहा. चिखलदऱ्याची दळलेली कॉफी आणली तर ती मात्र दुधात विरघळणार नाही. फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे गाळलेला अर्क, काढा, नाहीतर कपात गाळ राहते.