फॅलॉटच्या लेकराला सीटी स्कॅन: गरज की सवय?

पंचगंगाकाठ

बहिणीची मुलगी सव्वा वर्षाची आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी पोरीचे निळसर ओठ आणि नखं बघितली आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जायची चिठ्ठी हातात दिली. तिथं टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, फॅलॉट निघालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा हृदयाचा जन्मजात दोष: हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुफ्फुसाकडं जाणारी वाट अरुंद, महारोहिणी (अंगभर रक्त नेणारी मोठी नस) त्या छिद्रावर सरकलेली, आणि जोर लावून लावून उजवा कप्पा जाड झालेला. पुण्याचे सर्जन ऑपरेशनला तयार आहेत, पण आधी हृदयाचा सीटी अँजिओ करून आणा म्हणतात, म्हणजे नसा उठून दिसाव्यात म्हणून शिरेत औषध सोडून क्ष-किरणांनी काढलेली चित्रं.

माझी हरकत इथंच आहे. इकोत चारही दोष दिसलेत. ती आवाजाच्या लहरींवरची तपासणी, ना किरण ना सुई. मग एवढ्याशा पोरीच्या शिरेत औषध सोडून आणि तिला किरणांखाली घालून आणखी काय बघायचं राहिलंय? 2023 मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, जवळपास 10 लाख मुलातरुणांचा. लहानपणी सीटी झालेल्यांत किरणांची मात्रा वाढेल तसा रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. आपल्याकडं डोकं दुखलं सीटी, पोट दुखलं सीटी. कोरोनात तर लोक आपल्याच मनानं छातीचा सीटी काढून स्कोअर स्टेटसला लावत होते. ही तपासणी राहिली नाही, सवय झालीय. पटत नसेल त्यांनी बोला.

काळीफिल्म

मामा, मी राजारामपुरीत एका स्कॅन सेंटरला टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. अभ्यास बरोबर सांगितलात, पण अर्धा. त्यातच पुढं आहे की आज सीटी होणाऱ्या दर 10,000 मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत 1 ते 2 जणांना त्या किरणांमुळं रक्ताचा कर्करोग होईल. हे शून्य नाही, मान्य. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? ऑपरेशन न झालेलं फॅलॉट. त्यातली निम्मी मुलंसुद्धा मोठी होत नाहीत.

आणि मात्रा म्हणाल तर, काही न करता घरी बसलेला माणूस जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं माप) घेतोच. नव्या मशीनवर, लहान मुलांच्या सेटिंगवर, बाळाच्या हृदयाचा सीटी 1 मिलिसिव्हर्टच्या आसपास होतो, कधी त्याच्याही खाली.

आता इकोत काय राहिलं? आवाज हवेतून आणि हाडातून नीट जात नाही. हृदयाच्या आतलं इको झकास दाखवतो, झडप कशी हलते ते तर सीटीपेक्षा चांगलं. पण फुफ्फुसाची रोहिणी दोन फांद्या होऊन आत शिरली की पुढं फुफ्फुस, म्हणजे हवाच. त्या फांद्या पुढं किती बारीक आहेत, महारोहिणीतून भलत्याच नसा फुटून फुफ्फुसात गेल्यात का, हे सर्जनला छाती उघडायच्या आधी कळायला हवं. उघडल्यावर कळून काय उपयोग?

कागलचीसून

हे माझ्या घरात घडलंय म्हणून लिहिते. माझ्या मुलालाही फॅलॉट होतं. इको दोनदा झाला, दोन्हीत "कॉरोनरी नीट दिसत नाहीत" एवढंच, कॉरोनरी म्हणजे खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसा. सीटीत दिसलं की त्यातली एक मोठी नस चुकीच्या बाजूनं निघून नेमकी त्या अरुंद वाटेवरून आडवी गेलीय. सर्जन जिथं चीर देणार, तिथंच. शंभरातल्या साधारण पाच जणांत असं असतं म्हणाले. ती नस कापली गेली असती तर टेबलावरच सगळं संपलं असतं. मग त्यांनी चिरायची जागाच बदलली. पोरगा आता दुसरीत आहे, रंकाळ्यावर सायकल फिरवतो. भाऊ, तुम्ही सवय म्हणता तेव्हा मला राग येतो, खरं सांगते.

उसाचाफड

ताई, तुमचं चांगलं झालं. आमचं ऐका. पुतणीचा सीटी आम्ही घाईत जवळच्याच एका सेंटरला करून टाकला. तिथं रोज मोठ्या माणसांचे सीटी, बाळ म्हणजे चार महिन्यांत एखादं. पोरगी रडली, हलली, औषध हृदयात पोचायच्या आधीच मशीन फिरून गेलं. रिपोर्ट आला दीड पान. सर्जननी सीडी लावली, अर्ध्या मिनिटात काढली आणि म्हणाले, परत करा. म्हणजे किरण दोनदा, औषध दोनदा, पैसे दोनदा. मामांचं बरोबर हाय. दुकान उघडलंय म्हणून माल घ्यायचा, अशी गत झालीय.

काळीफिल्म

उसाचाफड, हे मी नाकारत नाही. आमच्या धंद्यात हे होतं. मोठ्या माणसाची नाडी गोळी देऊन 60 वर आणता येते, बाळाची 130 चालते, मशीन तेवढं चपळ पाहिजे. आणि फॅलॉटमध्ये अशुद्ध रक्त छिद्रातून थेट शुद्ध बाजूला जातं, त्यामुळं सलाईनच्या नळीतला हवेचा एक बुडबुडासुद्धा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मोठ्यांच्या वेळी आम्ही नळी एकदा बघतो, अशा लेकरांच्या वेळी तीनदा. जिथं हे कुणाला ठाऊकच नाही तिथं जाऊ नका. पण हा दोष सेंटरचा, सीटीचा नव्हे.

छातीवरचाटाका

मी स्वतः फॅलॉट. सहा वर्षांचा असताना ऑपरेशन झालं, आता चाळिशीकडं. मी मामांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की सुटलो. पण पुढं झडप गळायला लागते, उजवा कप्पा फुगत जातो आणि जन्मभर मोजमाप करत राहावं लागतं. दर वेळी सीटी काढला असता तर आजवर किती झाले असते? माझं एमआरआयवर चालतं. किरण नाहीत, आणि झडप किती टक्के गळते हे एमआरआय आकड्यात सांगतो, सीटी ते थेट मोजत नाही. मग लहान मुलांनाही एमआरआयच का नको?

बालरोगवाला

गडहिंग्लजला दवाखाना आहे माझा, म्हणून या मुलांना पहिल्यांदा बघणाऱ्यांपैकी मी एक. टाकादादा, तुम्ही पाऊण तास निपचित पडून सांगाल तेव्हा श्वास रोखता. सव्वा वर्षाचं मूल? त्याला भूल द्यावी लागते. निळ्या बाळाला भूल देणं हा स्वतःच एक धोका आहे. सीटीचं चित्र एखाद्या सेकंदात निघतं, पुष्कळदा दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, झोपेतच. ऑपरेशनआधी सीटी आणि मोठेपणी एमआरआय, यात मला विरोध दिसतच नाही.

पण काळीफिल्म, तुमच्या सुरालाही माझी हरकत आहे. नुसत्या मिलिसिव्हर्टवर सगळं तोलू नका. सुई टोचताना मूल रडतं आणि फॅलॉटमध्ये त्या रडण्यानंच झटका येऊ शकतो: फुफ्फुसाची वाट आवळते, मूल काळंनिळं पडतं. गुडघे छातीशी घेऊन धरायचं, ऑक्सिजन लावायचा, हे तिथं कुणाला तरी आलं पाहिजे. शिवाय यांचं रक्त आधीच घट्ट. "उपाशी आणा" म्हणून सहा-सात तास पाणीसुद्धा दिलं नाही तर ते आणखी घट्ट होतं, मग गुठळीची भीती. आणि सीटी दाब सांगत नाही. फुफ्फुसातला दाब मोजायचा असेल तर कॅथेटरच, म्हणजे नसेतून हृदयापर्यंत बारीक नळी, घालावा लागतो. सीटी केला की सगळं कळलं, असं घरच्यांना सांगणारे डॉक्टर मी पाहिलेत.

काळीफिल्म

हे झटक्याचं मी लिहायला हवं होतं. चुकलं.

पंचगंगाकाठ

कागलच्या ताई, सवय हा शब्द तुमच्यासाठी नव्हता, पण लागला असेल तर मागे घेतो. त्या आडव्या नसेचं वाचून बहिणीला रात्री फोन केला. आमच्याही इकोच्या कागदावर कॉरोनरीपुढं काही लिहिलेलंच नाही. आजवर माझ्या नजरेतच आलं नव्हतं.

तरी मूळ मुद्दा मी सोडत नाही. सर्जननी "करून आणा" एवढंच म्हटलं. का, कुठं, काय शोधायला, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारलं तर पुण्यात त्यांच्याच इथं पुढच्या बुधवारी वेळ मिळाली, सोबत बालहृदयाचे डॉक्टर थांबणार. मग आधीच का नाही म्हणाले? आता शेवटचं, हसू नका. आजीनं पोरीच्या गळ्यात चांदीचा ताईत बांधलाय आणि तो ऑपरेशनपर्यंत काढायचा नाही असा तिचा हुकूम आहे.

काळीफिल्म

गळ्यात ठेवला तर नेमक्या हव्या त्या जागी चित्रात रेघोट्या येतील. पायात बांधा म्हणावं आजीला, पाय स्कॅनमध्ये येत नाहीत. फक्त सुई कुठल्या पायात लावणार ते आधी विचारा आणि दुसऱ्यात बांधा.