मदत हवी आहे: जुनी स्टंपजंपर सायकल कितीला विकावी?

नमस्कार मंडळी. सॅन होजेहून पुण्याला परत जायचंय, म्हणून गराज रिकामं करतोय. त्यात स्पेशलाइज्ड कंपनीची स्टील फ्रेमची स्टंपजंपर ही माउंटन बाइक आहे. मागच्या डिरेलरवर (गिअर बदलणारा पार्ट) 'एलसी' कोरलंय, म्हणजे पार्ट बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या तारखेच्या कोडप्रमाणे मार्च १९८७ (हा अर्थात पार्टचा महिना, सायकलचा नव्हे). बायोपेस चेनरिंग (पेडलजवळचं लंबगोल दातेरी चाक), चेनस्टेखाली (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) यू-ब्रेक, सगळं मूळचं. टायर तेवढे नवे. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) मात्र फ्रेममध्ये अडकून बसलीय.

१९८१ची पहिलीवहिली असती तर संग्राहकांनी उड्या मारल्या असत्या, हिचं तसं नाही. पार्ट सुटे करून जास्त पैसे येतील असं एक जण म्हणाला, पण मन होत नाही. सीटपोस्ट आधी सोडवून घ्यावी, की आहे तशी सांगून विकावी? ईबेवर लोक मागतात त्या नव्हे, खरोखर मिळालेल्या किमती कुणाला माहीत आहेत का?