एकादशीचा उपवास आणि प्राणायाम एकत्र चालतो का?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या वारकरी घरात एकादशी पाळली जाते आणि मीही वीस वर्षे ती निर्जळी करतो. मागील वर्षापासून पहाटेचा प्राणायाम सुरू केला, तेव्हापासून द्वादशीला पारण्याआधी आसनावर बसलो की चक्कर येते. योगशिक्षक उपवास सोडायला सांगतात, आई प्राणायाम. हे दोन मार्ग मुळातच एकमेकांशी जुळत नाहीत का?

प्रतिसाद १:
आपल्या शिक्षकांच्या म्हणण्याला आधार आहे. हठयोगप्रदीपिका या योगग्रंथात गोरक्षनाथांचे म्हणून दिलेले वचन प्रातःस्नान, उपवास आणि कायक्लेश अभ्यासकाला वर्ज्य ठरवते. तेथे मिताहार म्हणजे स्निग्ध, मधुर अन्न घेऊन पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवणे. आंबट, तिखट आणि खारट निषिद्ध, म्हणजे आपले लोणचेही गेलेच.

प्रतिसाद २:
‘कायक्लेश’ हा शब्द जैन परंपरेतही आहे, पण तेथे तो अनशन आणि ऊनोदरी यांच्यासह बाह्य तपाच्या सहा प्रकारांत मोडतो. तपाने कर्माची निर्जरा होते, म्हणजे साठलेले कर्म झडून जाते, असे मानल्यामुळे तेथे देहाने सोसण्यालाच मोल आहे, तर हठयोग्याला तोच देह प्राण साधण्यासाठी धडधाकट लागतो. भुकेपेक्षा कमी जेवण्याची ऊनोदरी मात्र मिताहाराच्या अगदी जवळची आहे. गौतम बुद्धांनी उपासमार करून पाहिली, सुजातेची खीर स्वीकारली आणि सारनाथला भोग आणि देहदंड ही दोन्ही टोके टाकायला सांगितली. तरीही विनयानुसार, म्हणजे संघाच्या नियमांनुसार, भिक्षू मध्यान्हानंतर जेवत नाहीत.

प्रतिसाद ३:
वारकऱ्यांची एकादशी हा देहदंड नव्हे; तो विठ्ठलाचा दिवस, नामस्मरणाचा आणि हरिजागराचा. शिवाय ज्ञानेश्वर महाराजांची गुरुपरंपरा गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशीच येते, आणि अति खाणाऱ्याला तसेच मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगणारा गीतेचा सहावा अध्याय त्यांनी विस्ताराने उलगडला आहे. त्यामुळे आपल्या घरातले भांडण वाटते तितके जुने नाही. निर्जळीऐवजी दूध आणि फळे घ्यावीत. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ होऊ देऊ नये, कारण साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे हे सगळे पचायला जड. द्वादशीचा प्राणायाम पारण्यानंतर तीन-चार तासांनी करावा. चक्कर मात्र डॉक्टरांना दाखवावी. तिचे कारण उपवासच असेल असे नाही.

प्रश्नकर्ता:
आभार. दुधाला आई राजी आहे, पण एकादशीला पाणी घ्यायचे म्हटल्यावर ती अजून गप्प आहे.