चर्चा: युद्धानंतर हाँगकाँगच्या वेशीवर झालेली झाडाझडती योग्य होती का?

दर्यावर्दी:
माझं मत स्पष्ट आहे, दुसरा मार्गच नव्हता. १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हा या ब्रिटिश वसाहतीत जेमतेम सहा लाख माणसं उरली होती, १९५० पर्यंत ती वीस लाखांवर गेली. ऑक्टोबर १९४९ मध्ये चिनी कम्युनिस्ट सैन्य हाँगकाँगच्या सीमेवरच्या शेनझेन नदीपर्यंत पोचलं. तोवर चिनी माणूस फारशी आडकाठी न होता ये-जा करायचा. मग स्थलांतरितांवर नियंत्रणाचा कायदा झाला, फोटो आणि ठसा असलेलं ओळखपत्र आलं. मे १९५० पासून जितके बाहेर जातील साधारण तितकेच आत घ्यायचे, असा कोटा ठरला. लष्कर तुटपुंजं. अशा वसाहतीने येणारा कोण आहे हे विचारायचंही नाही का?

माधवी_रा:
विचारावं, पण उत्तर देणाऱ्याला दाद मागायची सोय हवी. १९४९ च्याच आणखी एका कायद्याने 'नकोशा' ठरलेल्या माणसाला खटल्याविना हाकलता येत होतं, आणि त्यात निव्वळ निर्धनही येत. जानेवारी १९५२ मध्ये डाव्या विचारांच्या चित्रपट कलावंतांना असंच हद्दपार केलं. याला सुरक्षा म्हणायला माझं मन धजत नाही. शिवाय सीमा बंद झाली म्हणून लोक थांबले नाहीत, होड्यांतून, डोंगरातून येतच राहिले. डिसेंबर १९५३ मध्ये शेक किप मेई या निर्वासितांच्या वस्तीतल्या झोपड्या जळाल्या आणि एका रात्रीत पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर आली. ज्यांची चौकशी करायची, त्यांच्या डोक्यावरच्या छपराचा विचार सरकारने त्यानंतर केला.

दर्यावर्दी:
छपराचं मान्य. पण हेर दोन्ही बाजूंचे होते, कम्युनिस्टांचे आणि त्यांच्या विरोधकांचेही, हे विसरू नका.

विनय_ठाणे:
तोच तर मुद्दा आहे! 'काश्मीर प्रिन्सेस' आठवा. मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं विमान, इंडोनेशियातल्या बांडुंगला आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेला जाणारं चिनी शिष्टमंडळ घ्यायला हाँगकाँगला उतरलं. ११ एप्रिल १९५५. काई टाक विमानतळावर एका सफाई कामगाराने त्यात बॉम्ब ठेवला. तो कुओमिंतांगसाठी, म्हणजे कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेल्या चिनी पक्षासाठी, काम करत होता, नंतर तैवानला पळाला आणि तैवानने त्याला परत दिलं नाही. १६ माणसं गेली, त्यांत कॅप्टन जटार होते. वाचलेल्या तिघांत अभियंता कर्णिक. भीती कम्युनिस्टांची, घात दुसऱ्याच बाजूने झाला.

दर्यावर्दी:
ती विमानतळावरच्या बंदोबस्ताची चूक, सीमेवरच्या छाननीची नव्हे.

माधवी_रा:
पण नजर एकाच दिशेला लावली की दुसरी बाजू मोकळी सुटतेच. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, कुओमिंतांगच्या झेंड्यांवरून दंगल पेटली आणि सुमारे साठ जीव गेले. दंगलखोर तर वेशीच्या आतलेच होते.