पहिलं बाळ, रात्रीचं रडणं आणि आपला सुटलेला तोल : सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

सुरुवात मी करते. मी साताऱ्याची, माहेर विट्याचं. सव्वा महिना झाला म्हणून बाळाला घेऊन परत आले, नवरा पुण्याला कामाला, शनिवारी यायचा, घरात मी आणि पोरगं दोघंच. संध्याकाळी सातला रडणं सुरू झालं की दहापर्यंत थांबायचं नाही. एका रात्री मी त्याला गादीवर जवळजवळ आपटलंच. लागलं नाही, पण मला माझ्याच हातांची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढं रडत सांगितलं तर ते ओरडले नाहीत, म्हणाले, दुसऱ्या महिन्यात रडणं सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांनी बहुतेक बाळांचं कमी होतं. दूध, लंगोट, ताप बघा, सगळं ठीक असूनही रडत असेल आणि डोकं फिरायला लागलं तर पाळण्यात उताणं ठेवा, पाच-दहा मिनिटं बाहेर बसा, मग परत जा. हे एवढंच. पण बाळंतपणाच्या आधी मला डिंकाचे लाडू, शेक, घुटी सगळं सांगणारी माणसं होती, हे एकानंही सांगितलं नाही. म्हणून हा धागा. नावं नकोत, गाव लिहिलं तरी पुरे.

तासगाव, बाप
ताई, तुम्ही लिहिलं म्हणून मी लिहितोय. आमच्या द्राक्षबागेच्या पंपाला त्या आठवड्यात रात्रीचीच लाईट होती, पाणी देऊन पहाटे तीनला घरी आलो, पोरगी रडत होती आणि हिचा डोळा लागलेला. मी पोरीला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि एक झटका दिला. एकच. मान मागं गेली तिची ते अजून डोळ्यापुढं येतं. ही उठली आणि काढून घेतली. सकाळी तडक दवाखान्यात नेलं, सुदैवानं काही नव्हतं, पण तिथं कळलं की बाळाचं डोकं जड आणि मान कच्ची असते, गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो, नजर जाऊ शकते, जीवही जातो. बाहेरून वळसुद्धा दिसत नाही कधीकधी. द्राक्षाच्या औषधाचं प्रमाण मला पाठ आहे हो, हे माहीत नव्हतं. आता रात्रीची लाईट असली की आई आमच्या खोलीत झोपते.

जत तालुका, आशाताई
दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो. वजन, ताप, नाळ, अंगावर पाजणं सगळं बघतो. त्यानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. आणि रडणं सगळ्यात जास्त नेमकं त्या मधल्या दिवसांत! म्हणून मी ४२ व्या दिवशी बापाला आणि सासूबाईंना पण समोर बसवते आणि विचारते, रात्री पोर थांबलं नाही तर कोण उठणार, दमलं तर कुणाच्या हातात देणार. बाप म्हणतात ते बायकांचं काम, मी हलत नाही जागची. आणखी एक सांगते, जे बाळ अजून पालथं पडत नाही त्याच्या गालावर नाहीतर दंडावर काळं-निळं दिसलं तर "पाळण्याचं लागलं असंल" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुणाच्या घरात लेकराला त्रास होतोय असं वाटलं तर १०९८ ला फोन करा, फुकट आहे, रात्री पण लागतो.

कराड, आई
माझं तान्हेपणी नाही, पुढं बिघडलं. मुलगा अडीच वर्षांचा, चड्डीत शू केली की फटका, जेवला नाही की फटका, मला वाटायचं याला शिस्त म्हणतात, आम्ही पण असंच वाढलो. एक दिवस फडताळातला डबा काढायला हात वर केला तर त्यानं कोपर तोंडापुढं धरलं. डबा तसाच राहिला, मी खाली बसले. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, बाईंनी हात लावला असता तर मी भांडायला गेले असते, आणि घरात मीच. अंगणवाडी सेविकेनं समजावलं, या वयात शू रोखायचं सगळ्यांनाच जमत नाही, ती खोडी नव्हे. त्याला मी सॉरी म्हणले. कोपर वर करायचं थांबायला चार महिने गेले.

मिरज, बाप
बायको तीन आठवडे नीट झोपली नव्हती, बाळ झोपलं तरी ही जागी. एकदा म्हणाली, "हिला कुणाला तरी देऊन या." मी चिडलो, आईपण कळत नाही का म्हणालो, ते शब्द मला अजून टोचतात. तिला बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं. सहा महिने उपचार घेतले, आता दोघी मजेत आहेत. कुणाला दवाखान्यात जायची लाज वाटत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा, मराठीत बोलतात.

वाई, आठवा महिना
सगळं दोनदा वाचलं. रविवारी डोहाळजेवण आहे, सगळे जमणारेत, तेव्हा ह्यांना आणि मामंजींना तासगावच्या दादांचं वाचून दाखवणार आहे. मी दमले तर शेजारच्या काकूंचं दार वाजवायचं हे आजच त्यांना विचारून आले. म्हणाल्या, दोन वाजता वाजवलंस तरी चालंल.