मन थकलं तेव्हा कुणी काय उचललं? सोलापूरकरांनो, सांगा

आपल्याकडे ‘कसं काय?’ विचारलं की ‘चालू आहे’ म्हणायचं आणि बोलणं ऊन-पाण्यावर न्यायचं, अशी सवय आहे. मी शाळेत समुपदेशक आहे. मुलांबद्दल बोलायला आलेले पालक उठतात, दाराशी घुटमळतात आणि तिथे उभ्या उभ्या स्वतःचं सांगायला लागतात. झोप झाली तरी शीण जात नाही. कुणी हाक मारली तरी नको वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, तीन लक्षणं नोंदवली: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उठून जाणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. ती व्याख्या फक्त नोकरीधंद्यापुरती आहे. घरातल्या आजारी माणसाचं करणारी बाई त्यात बसत नाही, परीक्षेला बसलेला पोरगाही नाही. मला मात्र त्यांचंही ऐकायचंय.

शीण कशाचा होता आणि नेमकं कुणी कोणतं ओझं उचललं तेव्हा तोल सावरला, तेवढं लिहा. नाव नको. काम आणि पेठ पुरे.

विडी कामगार, अशोक चौक (मुलगी लिहून देतेय)

लग्नाआधीपासून विड्या वळते. रात्री पान भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळी कात्रीनं एका मापाचं कापायचं. सूप मांडीवर घेतलं की मान खाली गेली ती हजार विड्या होईपर्यंत वर येत नाही. मजुरी हजारावर. कच्च्या निघाल्या तर त्या आपल्याच अंगावर पडतात.

मागच्या उन्हाळ्यात वळता वळता हात थांबायला लागले. दुखत काहीच नव्हतं. पान, तंबाखू, दोरा, सगळं समोर आणि हात उचलेनात. बाजूच्या अक्का म्हणाल्या, उन्हाचं असेल, ताक पी. ताक प्यायले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यात पाण्याचा दिवस आला की रात्रीची झोप गेली. चार-पाच दिवसांनी नळ येणार, तोही कधी येईल सांगता येत नाही, म्हणून कान तिकडेच.

पोरगी म्हणाली, आई, पाणी मी भरते, तू उठायचं नाही. पोरगा तयार माल कारखान्यात पोचवून यायला लागला. आणि आम्ही गल्लीतल्या बायका आता एकाच ओसरीत बसतो. तेलुगूत गप्पा चालतात, कुणीतरी चहा टाकतं. विड्या आधीएवढ्याच होतात, पण भिंतीकडं तोंड करून एकटीनं वळणं आणि हे, यात लै फरक आहे. रविवारी सूप पालथं घालून ठेवते, कुणी काही म्हणो.

निवृत्त गिरणी कामगार, रेल्वे लाईन्स

आम्ही गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होतो. आवाज असा की घरी आल्यावरसुद्धा कानात साचे चालायचे. पण भोंगा झाला की काम संपलं, मालक घरी बोलवायला येत नसे. आठवड्याची सुट्टीही कुणी खुशीनं दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवार मिळाला, हे आम्हाला युनियनच्या सभेत सांगायचे.

मला खरा थकवा आला तो गिरणी बंद पडल्यावर. दिवसभर काम नाही, तरी रात्री अंग गळून गेलेलं. सकाळी उठून कुठं जायचं हेच नव्हतं. एका जुन्या सोबत्यानं पहाटे दार वाजवायला सुरुवात केली. मी नाही म्हटलं तरी तो पायरीवर बसून राहायचा. त्याच्याबरोबर सिद्धेश्वर तलावाला फेरी, मग वाचनालयात पेपर लावायचे. माणसाला विसावा पाहिजे तसं त्याची वाट पाहणारं एखादं कामही पाहिजे, असं मला पक्कं वाटतं.

सॉफ्टवेअर इंजिनिअर, जुळे सोलापूर

काका, तुमचं भोंग्याचं वाचून थांबलोच. माझ्या कामाला भोंगा नाही. कंपनी पुण्याची, काम घरून, क्लायंट अमेरिकेत. रात्री साडेदहाला कॉल सुरू होतो. सकाळी आई म्हणते, घरीच तर असतोस, जरा बँकेत जाऊन ये. तिचं चूक नाही, तिला मी दिवसभर खुर्चीत बसलेलाच दिसतो.

हुरड्याला सगळे शेतावर गेलो होतो. भावाने आगटीतलं गरम कणीस हातावर चोळून दाणे पुढे केले, शेंगाची चटणी होती, आणि मी फोनवर मेसेजचं उत्तर टाइप करत होतो. दाणे गार झाले. भाऊ काही बोलला नाही, त्याने फक्त फोन काढून घेतला आणि गाडीत ठेवला. त्या संध्याकाळी बऱ्याच महिन्यांनी मला भूक लागली.

पुढे टीममधल्या आम्ही सगळ्यांनी मिळून मॅनेजरशी बोललो. आता रात्रीचे कॉल आळीपाळीने घेतो. एकट्याने मागितलं असतं तर मिळालं नसतं.

स्टाफ नर्स, सात रस्ता

थोडक्यात लिहिते, नाईटला जायचंय. आम्हाला ताण कमी करायला योगासनं शिकवली. चांगली आहेत. पण दोघींचं काम एकीवर असेल तर श्वास मोजून पेशंट कमी होत नाहीत. आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी लागोपाठ नाईट लावणं बंद केलं आणि नाईटनंतरची सुट्टी कुणालाही तोडू दिली नाही. मला त्यानेच माणसात आणलं.

गृहिणी, शेळगी

सासूबाईंना विस्मरण आहे. दर थोड्या वेळाने विचारतात, ‘पाणी आलं का गं?’ आलं म्हटलं तर बादली शोधत फिरतात, नाही म्हटलं तर घाबऱ्या होतात. उत्तर देऊन देऊन माझा आवाजच माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. राग त्यांचा येत नव्हता. बाथरूमचं दार लावून उभी राहायचे, कारण घरात तेवढीच जागा होती जिथे मला कुणी काही विचारत नसे.

लोक ‘किती करतेस गं’ म्हणायचे. कौतुकाने भांडी घासली जात नाहीत. यंदा संक्रांतीला नणंदबाई पंढरपूरहून आल्या आणि म्हणाल्या, ‘वहिनी, गड्ड्याच्या जत्रेचे चार दिवस आई माझी. तुम्ही घरात थांबलात तरी आईकडे बघायचं नाही.’ मी जत्रेतल्या सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला गेले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज, आणि त्या गर्दीत माझा हात धरून ठेवणारं कुणी नाही. किती मोकळं वाटलं, कसं सांगू.

आता महिन्यातला एक शनिवार-रविवार नणंदबाई येतात. ह्यांनी रात्रीची औषधं स्वतःकडे घेतली आहेत. आजार वाढतोच आहे, पण मी सासूबाईंशी पुन्हा मऊ बोलते.

कॉलेज विद्यार्थिनी, विजापूर रोड

माझा अनुभव नाही, प्रश्न आहे. आई हल्ली टीव्ही लावून बसते पण बघत नाही. जेवण कमी झालंय, पहाटे तीनला जागी असते. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणते, ‘मी वेडी झाले का?’ ताई, मी काय करू?

समुपदेशक

बाळ, आधी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेतेय असं म्हणू नकोस. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे थकव्यासाठी तपासायला ने. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 यांची तपासणी सांगतात का ते विचार, कारण यांच्या कमतरतेनेही असा शीण येतो. पहाटेची जाग, उतरलेली भूक आणि कशात मन नसणं हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस चालू असेल, तर त्यांना ते स्पष्ट सांग. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. नुसत्या विश्रांतीवर सोडू नकोस. पुढे गरज पडली तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे.

14416 हा टेलि-मानसचा नंबर. 2022 पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्या माणसांनीही फोन केला तरी चालतो, म्हणून पहिला फोन तूच कर. आई जगण्याचा कंटाळा आल्याचं किंवा मरणाचं बोलली, तर तिला एकटी सोडू नकोस आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. आणि घरात आणखी कोण आहे ते मला कळव. रात्री आईजवळ कोण झोपेल आणि सकाळचा स्वयंपाक कुणाकडे, हे आज आपण मिळून ठरवू.